चारवर थांबलेली चकती

माझ्या अ‍ॅडजस्टेबल, म्हणजे पात्याची फट कमी-जास्त करता येणाऱ्या, रेझरच्या मानेवर एक ते नऊ आकडे कोरलेली एक चकती आहे. गेल्या महिन्यात ती फिरवायला गेलो, तर ती जागची हलेना. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकरचे पाणी येते. नळावर, बादलीच्या कडेवर आणि आरशावर त्याचे पांढरे पुट चढते, तसेच ते चकतीखालीही चढले होते आणि दाढीच्या साबणाशी मिसळून पक्के झाले होते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून रेझर अर्धा तास बुडवून ठेवला, जुन्या टूथब्रशने खाचा घासल्या, तेव्हा कुठे चकती मोकळी झाली. ती अडकली होती चार या आकड्यावर. दोन वर्षे मी ती हलवलीच नव्हती, म्हणून अडकल्याचे कळलेही नव्हते.

ज्या गोष्टीसाठी हा रेझर इतरांहून वेगळा आहे ती गोष्टच मी वापरत नाही, हे त्या दिवशी लख्ख कळले. तेव्हापासून मनात घोळत होते की अ‍ॅडजस्टेबल बरा की एकाच मापाचा, यावर एकदा सविस्तर लिहावे.

दुधारी पात्याचा रेझर तसा साधा असतो. वर टोपी, खाली ताटली, मध्ये पाते आणि या तिघांना स्क्रूने आवळणारा दांडा. पाते साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचे असते. टोपीच्या गोलाईवर ते वाकवले जाते आणि वाकल्यामुळेच ताठ राहते. पात्याची धार आणि ताटलीची कड यांच्यात जी फट राहते ती किती असावी, हा सगळ्या चर्चेचा गाभा आहे. फट लहान असेल तर रेझर सौम्य आणि मोठी असेल तर आक्रमक, असे ढोबळमानाने म्हणतात. पण ते अर्धेच खरे आहे. टोपी आणि कड यांना जोडणारी एक सरळ रेषा कल्पिली, तर धार त्या रेषेच्या किती बाहेर डोकावते, यालाही तितकेच महत्त्व असते. त्यामुळे एकाच फटीचे दोन रेझर गालावर अगदी वेगळे वागू शकतात. एकाच मापाच्या रेझरमध्ये ही दोन्ही मापे कारखान्यातच ठरलेली असतात. अ‍ॅडजस्टेबलमध्ये चकती फिरवली की कड वर किंवा खाली सरकते आणि दोन्ही मापे एकदमच बदलतात.

ही सोय अलीकडची आहे असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. किंग कॅम्प जिलेट यांना ज्या रेझरचे पेटंट 1904 मध्ये मिळाले, त्यातही पाते वाकवूनच धरले जात असे आणि दांडा थोडा सैल केला की पाते किंचित सपाट होऊन धार जास्त पुढे येई. म्हणजे पहिला रेझर एका परीने अ‍ॅडजस्टेबलच होता; फक्त आकडे नव्हते आणि किती सैल करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. पुढे 1938 मध्ये आलेल्या जिलेटच्याच 'टेक' रेझरमध्ये घट्ट आवळलेले पाते आणि सलग कड हाच मुख्य विचार राहिला. 1958 मध्ये जिलेटने आकड्यांची चकती असलेला रेझर सर्वत्र विकायला काढला, तेव्हा त्याची किंमत 1 डॉलर 95 सेंट होती, म्हणून त्याचे नावही '195' असेच पडले. त्याच्या जाड मानेमुळे संग्राहक त्याला आता 'फॅटबॉय' म्हणतात. त्याचा सडपातळ भाऊ 'स्लिम' त्यानंतर काही वर्षांनी आला.

माझा रेझर हा स्लिमच आहे. त्याच्या डोक्याच्या खालच्या बाजूला एका अंगाला 'एल' हे अक्षर आणि दुसऱ्या अंगाला 2 हा आकडा आहे. त्या काळच्या जिलेटच्या खुणांप्रमाणे त्याचा अर्थ 1966 ची दुसरी तिमाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने तो तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला आणि सुट्टीत येताना माझ्यासाठी आणला. दांड्याच्या टोकाची गुंडी फिरवली की टोपीचे दोन पाखे छपरासारखे उघडतात, पाते आत ठेवायचे आणि गुंडी उलट फिरवून पाखे मिटवायचे. ही करामत पहिल्या दिवशी मी पाते न घालता दहा-बारा वेळा तरी केली असेल. बायकोने विचारले की दाढी होणार आहे की नुसतीच कवायत.

त्याआधी माझ्याकडे वडिलांचा तीन तुकड्यांचा पितळी रेझर होता, त्यावरचा मुलामा दांड्यापाशी उडालेला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी तो बाजूला ठेवून तीन-तीन पात्यांच्या कार्ट्रिजकडे वळलो होतो आणि तिथून गळ्यावर केसतोडांचा त्रास सुरू झाला. माझे गळ्याचे केस जाड आणि वळणारे आहेत. अनेक पाती एकामागून एक फिरली की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि मग वाढताना आतच वळतो. एका पात्यावर परत येणे हा त्यावरचा उपाय होता, तो लागू पडला. त्या आनंदात असतानाच स्लिम हातात आला.

पहिला आठवडा मी दोनवर काढला. गाल साफ होत, हनुवटीखाली खुंट राहत. मी तीन केले, मग पाच. पाचवर हनुवटी गुळगुळीत झाली, पण तुरटीचा खडा फिरवल्यावर घाटीच्या दोन्ही बाजूंना अशी चुरचुर झाली की डोळ्यांत पाणी आले. दाढीच्या बाबतीत तुरटीइतका कडक परीक्षक नाही: डोळ्याला न दिसणारे खरचटणेही ती बरोबर दाखवून देते. मग गळ्यासाठी दोन आणि हनुवटीसाठी सहा, असे दाढी चालू असतानाच आकडे बदलू लागलो. बदलण्यापूर्वी गुंडी अर्धा वळसा सैल करावी, म्हणजे चकतीवर ताण येत नाही. ओल्या, साबणाच्या बोटांनी ते करताना रेझर दोनदा बेसिनमध्ये पडला. तरीही हनुवटीखाली खुंट राहतच होते.

चूक कुठे होती ते पाच-सहा महिन्यांनी लक्षात आले, आणि तेसुद्धा वडिलांच्या रेझरमुळे. गावी गेलो असताना स्लिम पुण्यातच राहिला होता आणि घरात तोच एक रेझर होता. त्याला आकडा नव्हता, त्यामुळे खुंट राहिले तर बदलण्यासारखे माझ्या हाताशिवाय काहीच नव्हते. म्हणून मी पहिल्यांदाच हात नीट पाहिला. गालावर दांडा ठीक कोनात असे, म्हणजे कातडीपासून साधारण तीस अंशांवर. पण जबड्याचे हाड ओलांडून खाली जाताना कातडी एकदम वळते आणि माझे मनगट मात्र वळत नसे. त्यामुळे तिथे केसाला धार लागतच नव्हती, नुसती टोपी घासत होती. मी टोपी गालाला टेकवून, दांडा जवळजवळ आडवा धरून सुरुवात केली आणि केस कापल्याचा बारीक खर्र आवाज येईपर्यंत तो हळूहळू खाली आणला. जबड्याखाली तोच आवाज टिकवण्यासाठी कोपर बरेच वर न्यावे लागले. आवाज टिकला आणि खुंट गेले. फट तीच, पाते तेच.

त्या दिवसापासून माझे मत एकाच मापाच्या रेझरकडे झुकले. अ‍ॅडजस्टेबल वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. पण शिकणाऱ्याच्या हातात तो एक पळवाट देतो. जे मनगटाने सुधारायला हवे ते चकतीने सुधारण्याचा मोह होतो, आणि आकडा वाढवल्यावर काही अंशी फरक पडतोही, त्यामुळे चूक झाकली जाते. पुष्कळ जाणकार नवशिक्याला आधी अ‍ॅडजस्टेबल घ्यायला सांगतात, कारण एका खरेदीत आपले माप सापडते. माझा अनुभव याच्या बरोबर उलट आहे. हात बसलेला नसेल तर सापडलेले माप हे हाताच्या चुकीचे माप असते.

मी टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे मोजण्याची खोड आहे. एका रविवारी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन बसलो. वडिलांच्या रेझरच्या दोन्ही बाजूंची फट तपासली, तर एक बाजू दुसरीपेक्षा चांगलीच मोठी निघाली. इतकी वर्षे 'ही बाजू जरा जास्त लागते' असे वाटायचे ते उगाच नव्हते. ताटली वाकलेली नव्हती, पाते तिरके बसत होते. आता दांडा पूर्ण आवळण्याआधी पात्याची दोन्ही टोके चिमटीत धरून सरळ करतो आणि मगच शेवटचा वळसा देतो. त्याच बैठकीत आणखी एक जुनी युक्ती करून पाहिली. वापरलेल्या पात्याच्या दोन्ही धारा कात्रीने कापून टाकायच्या आणि राहिलेली मधली पट्टी चांगल्या पात्याखाली, ताटलीवर ठेवायची. पाते तेवढे वर उचलले जाते आणि फट सुमारे 0.1 मिलिमीटरने वाढते. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण कॅनडातील रॉकवेल या कंपनीच्या रेझरच्या सहा क्रमांकांच्या ताटल्यांची फट 0.20 पासून 0.79 मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे दोन शेजारच्या क्रमांकांमधला फरकही सरासरी तेवढाच भरतो. थोडक्यात, एका टाकाऊ पात्यात जवळजवळ एक आकडा मिळतो. कात्रीने पाते कापताना मात्र तुकडा उडतो, म्हणून ते फडक्यात धरून कापावे.

रॉकवेलची पद्धत मला या सगळ्यात अधिक प्रामाणिक वाटते. तीन ताटल्या, प्रत्येक दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, म्हणून सहा मापे. बदलायचे तर रेझर उघडावा लागतो, त्यामुळे दाढीच्या मध्येच चाळा होत नाही आणि आत साचायला यंत्रणाही नसते. जर्मनीतील झोलिंगेनच्या मेर्कूरचा 'प्रोग्रेस' मी एका मित्राकडे वापरून पाहिला. त्याच्या तळाची गुंडी फिरवली की माप बदलते आणि ते मापही छान सलग बदलते. त्याच कंपनीचा 'फ्यूचर' दिसायला देखणा आहे, पण त्याची टोपी दाबून बसवायची आणि ओढून काढायची असते. ओल्या बोटांनी पात्याच्या इतक्या जवळ ओढाताण करणे मला पसंत नाही, इतरांना चालत असेल.

आता दुसरी बाजू. चार दिवस दाढी केली नसेल, तर अ‍ॅडजस्टेबलला तोड नाही. वडिलांच्या रेझरची फट वाढलेल्या केसांनी आणि फेसाने दर दोन हातांनी तुंबते, सारखे नळाखाली धरावे लागते. स्लिम सातवर ठेवून पहिला सुलटा हात फिरवला की केसांचा सगळा भार एकदम उतरतो, मग चारवर आडवा हात आणि गरज असेल तर दोनवर उलटा. माझा मावसभाऊ नेमका असाच वापरतो, कारण तो घरून काम करतो आणि आठवड्यातून दोनदाच दाढी करतो. मी रोज सकाळी सातच्या बसला उभा असतो. रोजच्या दाढीत केसांची लांबी रोज सारखीच असते आणि जी गोष्ट रोज सारखी आहे तिला बदलते माप लागत नाही. इतका साधा हिशेब मला दोन वर्षे सुचला नव्हता.

आकड्यांवर वाद घालणारे लोक पात्याचा विचार कमी करतात, हेही मला खटकते. चारवर ठेवलेल्या स्लिममध्ये जपानी फेदर घातले तर तो सहासारखा चावतो आणि आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे मऊसर पाते घातले तर तीनवर असल्यासारखा शांत राहतो. माझ्या केसांना ठाण्याच्या सुपर-मॅक्सचे पाते बरे पडते. चार दाढ्या होतात, पाचवीला ओढायला लागते. रेझर बदलण्याचा विचार मनात आला की आधी पाच रुपयांत पाते बदलून पाहावे.

सध्याची व्यवस्था अशी आहे की सोमवार ते शनिवार वडिलांचा रेझर. दर रविवारी तो तीन तुकड्यांत सुटा करून धुतो, पुसतो, पुन्हा जोडतो. दोन मिनिटेही लागत नाहीत. स्लिम कोरडा करून कपाटात ठेवला आहे आणि चकती पुन्हा अडकू नये म्हणून महिन्यातून एकदा एकपासून नऊपर्यंत फिरवून ठेवतो. गणपतीत कोकणात आठवडाभर दाढी होत नाही, तेव्हा परत आल्यावर तो निघतो.

घाटीच्या डाव्या बाजूची दोन बोटे रुंद जागा मात्र दोन्ही रेझरना अजून दाद देत नाही. तिथले केस खालीही वाढत नाहीत आणि वरही नाहीत, कानाच्या दिशेने आडवे निजलेले असतात. सुलटा हात त्यांच्यावरून नुसता घसरतो, उलटा फिरवला की तिसऱ्या दिवशी केसतोड ठरलेला. परवा कातडी उजव्या हाताने खांद्याकडे ताणून, रेझर डाव्या हातात घेऊन कानाकडून घाटीकडे फिरवला. निम्मे केस गेले आणि तुरटी लावल्यावर फारसे चुरचुरले नाही. डावा हात अजून थरथरतो, म्हणून तेवढ्यापुरते वडिलांच्या रेझरमध्ये सर्वांत बोथट पाते घालून ठेवले आहे.