तुम्ही विचारलंत म्हणून : फाळक्यावरची पंगत

"टेलगेटला जायचंय, काय काय आणू?" ऑगस्ट उजाडला की इकडे नव्याने आलेल्यांपैकी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. मी राहते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ॲपलटनला. ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं मैदान, लँबो फील्ड, इथून अर्ध्या तासावर. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पंगतीतलं मात्र कळतं.

टेलगेट म्हणजे आपल्याकडे ट्रकला असतो तो फाळका. पिकअपचा फाळका पाडायचा, त्यावर खाणं मांडायचं आणि सामन्याआधी पार्किंगमध्येच जेवायचं. ग्रीन बे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव आणि स्टेडियमात माणसं मावतात ऐंशी हजारांवर. अख्ख्या मोसमाच्या तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावं आहेत. त्यामुळे तिकीट नसलेलेही खुशाल येतात, जेवतात आणि सामना गाडीतल्या रेडिओवर ऐकतात. आम्ही पहिली दोन वर्षं तेच केलं.

आता यादी. यादी मी देत नाही, सामना किती वाजता आहे ते विचारते. कारण हिशेब उलटा मांडायचा असतो. समजा, दुपारी बाराला सामना. म्हणजे अकराला निखारे विझवून आवराआवर. म्हणजे साडेनऊला पानं वाढलेली. कोळसा राखाडी व्हायला अर्धा तास लागतो, तोवर भाजायला घेऊ नये. म्हणजे आठला गाडी जागेवर आणि सातला घर सोडलेलं. रविवारी सकाळी सात! तेव्हा कांदा चिरणं, चटणी वाटणं, पाव कापून ठेवणं हे सगळं शनिवारी रात्रीच. पार्किंगमध्ये सुरी काढावी लागली तर समजा, तयारी कमी पडली.

आणि सगळ्या गाड्या एकामागोमाग आत शिरल्या पाहिजेत. ज्या क्रमाने याल त्या क्रमाने लागाल. एका वर्षी आमच्यातले एकजण "पाचच मिनिटांत पोचतो" म्हणाले. ही पाच मिनिटं तुम्हाला ठाऊक आहेतच. शेगडी आमच्याकडे, कोळसा त्यांच्या डिकीत आणि मध्ये पार्किंगच्या नऊ रांगा.

खाण्याची कसोटी एकच : हातमोजे घालून, उभ्याने, एका हाताने खाता आलं पाहिजे. पावभाजी इथे नापास. नोव्हेंबरच्या वाऱ्यात भाजीवरचं लोणी ताटलीतच थिजतं. वडे घरून तळून फॉइलमध्ये आणावेत, जाळीवर नुसते गरम करावेत. पार्किंगमध्ये उकळत्या तेलाची कढई मांडायचा हट्ट धरू नका, शेजारी पोरं चेंडू फेकत असतात. सप्टेंबरात इथलं गोड कणीस अजून मिळत असतं. निखाऱ्यावर भाजा, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून चोळा. अनोळखी माणसं वास घेत येतात. म्हणून मोजून वीस लागणार असतील तर तीस न्या. या पंगतीला आमंत्रण नसतं, पण पाहुणे असतात.

मांसाहारी असाल तर ब्राटवुर्स्ट, म्हणजे जर्मन धाटणीचं सॉसेज, हवंच. इथे त्याला नुसतं 'ब्राट' म्हणतात. ते बिअर-कांद्यात आधी उकळून मग भाजायचं, की आधी भाजून मग त्यात ठेवायचं, यावर इथे चहा आधी की दूध आधी यापेक्षा कडाक्याचे वाद होतात. मी शनिवारी उकळून ठेवते. सकाळी फक्त रंग आणायचा, आत कच्चं राहायची धास्ती नाही. शाकाहारींसाठी जाळी वेगळी, चिमटा वेगळा. हे न विचारता करावं.

थंडीचं मात्र सविस्तर सांगते. ३१ डिसेंबर १९६७ ला याच मैदानावर पारा उणे पंचवीस अंश सेल्सिअसला होता आणि पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या होत्या. इतकं नाही, पण उणे दहा आम्हीही पाहिलंय. त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत आपली पिकनिकची छोटी गॅसशेगडी नेली, चहासाठी. पेटेचना. डबा भरलेला, हलवला तर आत खळखळ ऐकू येते आणि बर्नरवर फूंकरही नाही. त्यात बुटेन होतं. ते शून्याच्या खाली द्रवच राहतं, वायू होतच नाही. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत साथ देतं. शेजारच्या पिकअपवाल्या आजोबांनी काही न बोलता त्यांची प्रोपेनची शेगडी आमच्यापुढे सरकवली. आलं-वेलचीचा चहा झाला, त्यांनी दोन कप घेतले आणि मग मला आपले बूट दाखवले. बुटांखाली पुठ्ठा होता. पाय गारठतात ते हवेने नव्हे, खालच्या काँक्रीटने. तेव्हापासून आमच्या गाडीत वर्षभर रिकामी खोकी असतात. बर्फाची पेटीही उलट्या कामाला येते, आतलं पेय गोठू नये म्हणून.

बाकी किरकोळ. आत जाताना पारदर्शक पिशवीच चालते, पर्सबिर्स गाडीत ठेवा. निखाऱ्यांसाठी वेगळे पिंप असतात, त्यातच टाका. गाडी चालवणारा कोण हे आदल्या रात्री ठरवा आणि त्याच्या हातात बिअर देऊ नका, कितीही गळ घातली तरी. समोरच्या संघाचे लोक आले तर त्यांना चिडवायचं आणि खाऊही घालायचं. शिकागो बेअर्स या जुन्या प्रतिस्पर्धी संघाच्या लोकांना जरा जास्त चिडवायचं.

आणि सामना संपल्यावर लगेच गाडी काढू नका. रांग हलतच नाही. आम्ही थर्मासमध्ये चहा राखून ठेवतो, फाळका पुन्हा पाडतो आणि तासभर बसतो. आजोबा पुढच्या मोसमात भेटले तेव्हा नाव आठवेना त्यांना माझं. "कणीस?" एवढंच विचारलं.