तिसरी फिन

सर्फबोर्ड कसा चालतो असं कुणी विचारलं, की मी आधी तो पालथा करते. खरी करामत खालीच असते. 1935 मध्ये अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकनं बोर्डाला पहिली फिन, म्हणजे बुडाला माशाच्या परासारखी उभी पाती, लावली. त्याआधी वळायला पाय पाण्यात बुडवावा लागे.

माझा जीव मात्र सिडनीच्या सर्फर सायमन अँडरसनच्या प्रयोगावर. तेव्हा ऑस्ट्रेलियन सर्फर मार्क रिचर्ड्सच्या दोन फिनांच्या बोर्डाचा जमाना होता. बोर्ड चपळ, पण मोठ्या लाटेवर मागून सटकायचा, आणि अँडरसन तर चांगला धिप्पाड! 1980 मध्ये त्यानं मागे मधोमध तिसरी फिन बसवली, आणि 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच बेल्स बीचच्या अजस्र लाटांवर स्पर्धा जिंकली. पेटंट घेतलंच नाही. याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

बाजूच्या फिन्स आतून सपाट, बाहेरून फुगीर, बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, किंचित वळवलेल्या असतात. वळणावर त्या विमानाच्या पंखासारख्या पाण्यातून उचल घेतात. मधली दोन्हीकडून सारखी; ती मागचा भाग घसरू देत नाही.

सध्या मी मधली फिन छोटी लावून बघतेय. सिडनीतल्या नॅराबीन किनाऱ्याच्या कंबरभर लाटेत बोर्ड झटकन फिरतो, उंच लाटेत पकड कमी पडते. पुढे अमेरिकन सर्फर जॉर्ज ग्रीनोच्या धर्तीची, बुडाशी कडक नि टोकाला लवचीक फिन लावायची आहे. वळणात वाकलेलं टोक सुटताना बोर्डाला पुढे ढकलतं म्हणतात. तो धक्का मला पायाखाली अनुभवायचाय.