सुकती लागली तेव्हा

खाडीत पुलाचा खांब उभारायचा तर आधी कोरडी जागा हवी. शीटपाइल, म्हणजे पोलादाच्या लांब पट्ट्या, एकमेकींच्या खाचेत अडकवत चौकोन ठोकायचा, आत वेलर-स्ट्रटची चौकट बसवायची (वेलर म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या तुळया, स्ट्रट म्हणजे त्यांच्यामधले आडवे टेकू), मग पाणी उपसायचं. हाच कॉफरडॅम. पाच मीटर पाण्याचा मीटरभर रुंदीवर जोर साडेबारा टन, सहा मीटर झालं की अठरा. नवी पोरं हे सॉफ्टवेअरला विचारतात. मी तोंडी सांगतो, आणि त्याची घमेंडही होती.

कोकणातल्या त्या खाडीवर अमावास्येचं उधाण होतं. खाचांतली गळती किरकोळ. बाहेरून लाकडाचा भुसा सोडला की पाणीच तो खाचेत ओढून नेतं. पण अकराच्या सुमारास तळाशी वाळूच्या उकळ्या फुटल्या, म्हणजे बाहेरचं पाणी शीटखालून वाळू घेऊन वर यायला लागलं. माती तपासायला बोअर घेतलं होतं तिथे चिकणमाती लागली होती. या कोपऱ्यात वाळूचा पट्टा निघाला. दर खांबाला एकच बोअर घेऊन वाचवलेले पैसे असे फिटतात.

साइट मॅनेजरचं सगळ्या रोगांवर एकच औषध: आणखी पंप. उपसा वाढवला असता तर वाळू आणखी जोरात वर आली असती. मी माणसं वर काढली आणि पंप उलटे लावून आत पाणी सोडायला लावलं. तासाभरात आतबाहेर पातळी सारखी झाली, उकळ्या थांबल्या. मी चहा मागवला.

होडीवरचा म्हातारा तांडेल म्हणाला, "सायब, सुकती लागली. आतलं पानी जायचं कुठं?"

तेवढ्यात स्ट्रटच्या टोकाची लोखंडी पाचर सुटून टणकन वेलरवर आपटली आणि पाण्यात गेली. सुकती म्हणजे ओहोटी. बाहेरचं पाणी उतरत होतं, आतलं तसंच. शीट बाहेर ढकलल्या जात होत्या. माझी चौकट नुसती दाबाला टेकवलेली. ओढून धरायला तिच्यात काहीच नव्हतं.

मग सहा वाजेपर्यंत ओहोटीच्या मागोमाग उपसा. दोन पंपांनी वाळू खाऊन दम टाकला. पूर्ण ओहोटीला, आतली पातळी खाली घेऊन, गॅस कटरने शीटमध्ये दोन खिडक्या पाडल्या, म्हणजे पुढची भरती-ओहोटी आपोआप आतबाहेर होईल. त्या खिडक्या झडपेसकट नकाशातच असायला हव्या होत्या.

रात्री गणित पुन्हा काढलं. पानोपानी उधाणाच्या भरतीची पातळी. आतून बाहेर जाणारा दाब एकाही पानावर नाही. तपासणाऱ्या सल्लागारानेही तीच पानं मंजूर केली होती. शीर्षकातल्या एका चुकीच्या तारखेबद्दल मात्र त्याने पत्र पाठवलं होतं.