लाल वेगळा भिजवायचा

रविवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत.

टीशर्ट खुर्चीच्या पाठीवर पडलाय. लाल. छातीवर डावीकडे ते बाणाच्या टोकासारखं चिन्ह. बुधवारी केक कापून झाल्यावर सईने हातात दिला. मी लगेच घालून सगळ्यांसमोर मिरवून आले, तर म्हणते, "आई, आता जपून हं. लाल शर्टवाला पहिला मरतो."

सगळे हसले. मीही हसले. जोक मला कळला नव्हता.

ते तिच्या लक्षात आलं. तिच्या सगळं लक्षात येतं, त्या बाबतीत बापावर गेलीये. "तुला माहीत नाही? तू एवढी स्टार ट्रेकवाली ना?" स्टार ट्रेक म्हणजे ती अवकाशयानाची जुनी अमेरिकन मालिका. मग मैत्रिणींदेखत माझा क्लास घेतला. यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा परग्रहावरचा साथीदार स्पॉक कुठल्याशा ग्रहावर उतरतात, सोबत एखादा फारशी ओळख नसलेला पोरगा असतो, त्याचा शर्ट लाल असतो, आणि गोष्ट नीट सुरू व्हायच्या आत तो खलास. हे इतकं ठरलेलं की फुकट मरायला आणलेल्या पात्राला आता 'रेडशर्ट'च म्हणतात. जगभरच्या चाहत्यांचा हा जुना, घासून गुळगुळीत झालेला विनोद. मला बुधवारी कळला.

यात एवढं लावून घेण्यासारखं काय आहे, हे चार दिवस स्वतःलाच विचारतेय.

आमचा टीव्ही काळा-पांढरा होता, एवढंच खरं तर कारण. लाकडी शटरचा, चार पायांवर उभा. रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं तेव्हा कर्क राखाडी, स्पॉक जरा गडद राखाडी, आणि अवकाश म्हणजे मुंग्या. स्पॉकचं रक्त हिरवं असतं हे ऐकून माहीत, बघून नाही. समोरच्या बिऱ्हाडात टीव्हीच्या काचेवर तो प्लास्टिकचा रंगीत कागद लावला होता, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. चेहरा जवळून दाखवला की कपाळ निळं, नाक तांबूस, हनुवटी हिरवी. आम्ही हसायचो. आपलं राखाडीच बरं म्हणायचो.

इंग्रजीचीही तीच गत. माझी शाळा मराठी, त्यामुळे दादा सांगेल तो अर्थ. यानातून ग्रहावर जायच्या त्या झगमगाटाला दादा 'विरघळणं' म्हणायचा. "आता बघ, विरघळणार." दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरवून दाखवायचा खर्च परवडणारा नव्हता म्हणून ही युक्ती काढली होती, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. तरी माझ्यासाठी ते अजून विरघळणंच आहे.

म्हणजे रंग नाही, भाषा निम्मी, आणि मध्येच लाइट गेले की तीही नाही. एकूण 79 भाग. त्यातले मी किती बघितले असतील? एका रविवारी कुणाची मुंज, एका रविवारी दादाने गच्चीवर अँटेना फिरवली आणि कावळ्याने परत फिरवली. मग मी चाळीस वर्षं प्रेम नक्की कशावर केलं?

खरे चाहते कसे असतात तेही माहीत आहे मला. एनबीसी ही तिकडची वाहिनी मालिका गुंडाळणार म्हटल्यावर बीजो ट्रिंबल आणि तिच्या नवऱ्याने लोकांना पत्रं लिहायला लावली, इतकी की 1968 च्या मार्चमध्ये मालिका पुढच्या हंगामातही येणार हे वाहिनीला पडद्यावर जाहीर करावं लागलं. पुढे 1976 मध्ये नासाच्या पहिल्या शटलचं नाव एंटरप्राइज ठेवायला लावलं तेही पत्रांनीच. (ते शटल अवकाशात कधी गेलंच नाही, पण ते सोडा.) ही माणसं घर चालवून, नोकऱ्या करून टपालाची तिकिटं चिकटवत बसली. मी काय केलं? पोहे खात राखाडी माणसांकडे बघितलं. तेही मालिका 1969 मध्ये बंद पडून युगं लोटल्यावर. मी जन्मायच्या आधीच संपलेली गोष्ट मी दर रविवारी 'पुढे काय होणार' म्हणून बघत होते.

सईला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, आई, एका टीशर्टवरून?

हो. एका टीशर्टवरून.

काल रात्री सगळे झोपल्यावर लावलं. मधलेच काही भाग, रंगीत. बाई गं, केवढा भडकपणा! एनबीसीची मालक कंपनी आरसीए रंगीत टीव्ही संच बनवून विकायची, तेव्हा पडद्यावर रंग उधळलेले हवेच होते. जांभळ्या भिंती, केशरी आकाश, निळा स्पॉक, पिवळा कर्क. आणि लाल शर्ट. दिसला की मी मनात म्हणत होते, हा गेला. आणि तो जात होता. तीन भागांत मला कुणाचंही वाईट वाटलं नाही.

तिथेच कुठेतरी मी थांबवलं.

कारण तेव्हा वाटायचं. चांगलंच वाटायचं. तेव्हा सगळेच राखाडी, त्यामुळे कोण मरणार हे कपड्यांवरून कळायची सोयच नव्हती. कर्कबरोबर एखादं कोवळं पोरगं उतरलं की तोही आपलाच. तो पडला की मी रडायचे. एकदा पोहे तसेच टाकून उठले होते, आई ओरडली होती. तेव्हा दादाने इंग्रजी ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मेला नाही गं. बेशुद्ध आहे. डॉक्टर बघतील त्याला." पुढच्या रविवारी तो पोरगा काही आला नाही. मी विचारलं. "ड्यूटी बदलली असेल."

कितीतरी लोकांची ड्यूटी बदलली त्या वर्षी.

2015 च्या फेब्रुवारीत लेनर्ड निमॉय गेला तेव्हा दादाचाच फोन आला होता आधी. दोघंही काही बोललो नाही फारसं, त्याने नुसतं "स्पॉक गेला" म्हटलं. तेव्हा आम्ही फोन करत होतो. घराचे कागद व्हायचे होते.

असो.

आज दुपारी त्याला मेसेज टाकला. किती दिवसांनी, ते मोजत नाही. इकडचं तिकडचं काही लिहिलं नाही, एवढंच विचारलं: "मरणाऱ्यांचे शर्ट लाल असायचे, हे तुला माहीत होतं?"

मग उत्तर येईपर्यंत हाताला चाळा म्हणून त्या कपड्यांबद्दल वाचत बसले, तर भलतंच निघालं. कर्कचा शर्ट पिवळा नव्हताच! हिरवट होता. सेटवरचे दिवे आणि फिल्म यांच्यामुळे तो पडद्यावर सोनेरी दिसायचा. त्याचा समारंभाचा गणवेश वेगळ्या कापडाचा, म्हणून तो हिरवाच दिसतो. म्हणजे रंगीत टीव्ही घेऊन ऐटीत बसलेल्या अमेरिकेनेही कर्क चुकीचाच बघितला की. मी एकटीच हसले, मोठ्याने. बिचारे. आम्ही निदान राखाडी तरी बरोबर बघितला.

आणि सईला सांगायला हवं की यानाचा इंजिनिअर स्कॉटी, त्याचा शर्ट लालच आहे. संदेश सांभाळणाऱ्या उहुराचा पोशाखही लाल. दोघंही शेवटपर्यंत टिकली. स्कॉटी मध्ये एकदा मरतो, पण त्याला परत उठवतात. तेव्हा दादा खोटं बोलत नव्हता तर.

रात्री साडेनऊला त्याचं उत्तर आलं. तिकडे सकाळ.

"हो. गॅलरीच्या टोकाला कुलकर्ण्यांकडे रंगीत होता. एका रविवारी तिकडे बघितलं होतं. तू आजीकडे होतीस."

मी तीन वेळा वाचलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. माझ्याआधी, प्रत्येक वेळी, पोरगं विरघळून खाली उतरताक्षणी. शर्ट राखाडी दिसला तरी लाल कुठला, हे त्याला वावरण्यावरून कळत असणार. आणि तरी "बेशुद्ध आहे" म्हणत राहिला, शेवटच्या भागापर्यंत.

मी लिहिलं, "आणि ड्यूटी बदलली असेल?"

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही. कामाला निघाला असेल.

त्या मालिकेतले पहिल्या दोन हंगामांचे शर्ट वेलूरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे होते, धुतले की आटायचे, म्हणून तिसऱ्या हंगामात नायलॉनचे केले. माझा सुती आहे. लेबलवर काही लिहिलंय ते चष्म्याशिवाय दिसत नाही. उद्या मशीनला लावायचा नाही, बादलीत वेगळा भिजवायचा, मीठ घालून. सईचा पांढरा कुर्ता आहे धुण्यात.