गांधीबागेचं कापड, महालातली शिलाई

हाताने वही बांधायला शिकायचं असेल तर नागपुरात एका दिवसात सगळं सामान गोळा होतं, फक्त पाय चालवायची तयारी हवी. सीताबर्डीहून प्रजापतीनगरकडे जाणारी मेट्रो धरली आणि अग्रसेन चौकात उतरलो. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू ओलांडली की गांधीबाग, पुढे चालत महाल. सोबत दोनच गोष्टी ठेवाव्यात: स्टीलची पट्टी आणि पाण्याची बाटली. पाणी प्यायला तर लागतंच, कागद तपासायलाही लागतं.

कागद आधी, कारण पुढची सगळी मापं त्याच्यावर ठरतात. नवखा माणूस ए-४ ची रिम घेतो आणि मधून घडी घालतो. तिथेच पहिली चूक होते. ए-४ मध्ये कागदाचे तंतू बहुधा लांबीला धावतात. मधून घडी घातली की ते वहीच्या कण्याला, म्हणजे पानं जिथे शिवली जातात त्या कडेला, आडवे येतात. मग घडी फुटल्यासारखी दिसते, पानं ताठ उभी राहतात आणि मैद्याची खळ लागली की कण्याजवळ लाटा उठतात. तंतू कण्याला समांतर हवेत. दुकानदार याला ग्रेन म्हणतात.

म्हणून २०×३० इंची, ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथोचे, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाचे, मोठे ताव घ्यायचे. एका कोपऱ्याचा बोटभर तुकडा फाडून एका बाजूने ओला केला की तो सुरळी होतो. सुरळीचा अक्ष जिकडे, ग्रेन तिकडे. काउंटरवरच्या माणसाने पाणी न वापरता ताव दोन्हीकडून हलकेच वाकवून दाखवला. “जिकडून सहज वाकते ना भाऊ, घडी तिकडूनच घाला जी.” एवढ्यात काम होतं.

ग्रेन ३० इंचांच्या बाजूला असेल तर एका तावाचे ८ तुकडे पाडायचे, १०×७.५ इंचांचे, आणि ७.५ ची बाजू ग्रेनवर ठेवायची. मधून घडी घातली की ५×७.५ इंचांचं पान मिळतं. असे ४ तुकडे एकात एक बसवले की १६ पानी फर्मा तयार. चार तावांत ८ फर्मे, म्हणजे १२८ पृष्ठं. पहिल्या वहीला एवढी पुरेत.

पुठ्ठा घेताना दुकानात जाडीऐवजी वजनाचे औंस सांगतात. त्यात न अडकता १० पुठ्ठ्यांची थप्पी पट्टीने मोजायची. २ सेंटिमीटर भरली की एक पुठ्ठा २ मिलिमीटरचा. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो. पुठ्ठे बांधून घेताना गुंडाळू द्यायचे नाहीत, एकदा आलेला बाक जात नाही.

गांधीबागेत कापडाची कमी नाही, पण मोह आवरावा. जरीचं, ताणलं जाणारं, फार पातळ कापड नको. मांजरपाट किंवा घट्ट विणीची साधी सुती खादी अर्धा मीटर घ्यावी. घरी ती धुवून कांजी काढायची, नाहीतर पुठ्ठ्यावर चढवल्यावर आटते. नुसत्या कापडातून खळ वर झिरपून डाग पडतात. त्यासाठी कापड उलटं करून सनमायकावर ओलं पसरायचं, त्यावर खळ लावलेला पातळ कागद चिकटवायचा आणि तसंच वाळू द्यायचं. कापडाचा काठ वहीच्या कण्याला समांतर ठेवायचा. इतवारीतल्या व्यापाऱ्यांच्या लाल कापडी चोपड्या वर्षभर गादीवर आपटल्या जातात आणि तरी टिकतात, त्याचं अर्धं श्रेय घट्ट विणीच्या कापडाला आहे.

महालात एका बाइंडरच्या गाळ्यात दोन्ही प्रकारची शिलाई शेजारी शेजारी चालली होती. जुनं, सुट्या पानांचं पाठ्यपुस्तक कडेपासून बोटभर आत दाभणाने आरपार टोचून आडवं शिवलं जात होतं. ते मजबूत होतं, पण सपाट उघडत नाही. वहीला हवी जुजबंदी, म्हणजे फर्म्याच्या घडीतून केलेली शिलाई. दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून घेतलेलं कोणतंही पुस्तक वरच्या कडेने पाहा: कण्याशी छोट्या छोट्या घड्यांची रांग दिसली तर ते बहुधा शिवलेलं, नुसती सरळ पानं दिसली तर केवळ डिंकावर.

आमच्या वहीचा कणा १९० मिलिमीटरचा. वरून १५, ५०, ६४, १२६, १४० आणि १७५ वर आरीने घडीत भोकं पाडायची. ५०–६४ आणि १२६–१४० या जागांवर १२ मिलिमीटरची सुती पट्टी बाहेरून जाते. गोधडीचा दोरा सुमारे १७० सेंटिमीटर कापून मेणावरून दोनदा ओढायचा. पहिल्या फर्म्यात १५ च्या भोकातून आत शिरायचं, ५० वर बाहेर, पट्टीला वळसा, ६४ वर आत, आणि असंच १७५ पर्यंत. दुसरा फर्मा वर ठेवून उलट्या दिशेने परत यायचं आणि सुरुवातीच्या शेपटाशी गाठ मारायची. तिसऱ्यापासून प्रत्येक टोकाला सुई खालच्या दोन फर्म्यांच्या मधून घालून साखळीची गाठ घ्यायची.

दोरा ओढतानाची खूण डोळ्यांनी पाहावी अशी होती. बाइंडर तो कधीच स्वतःकडे ओढत नव्हता, कण्याच्या रेषेतच सरकवत होता. सरळ बाहेर ओढला की घडी भोकापासून फाटते आणि तो फर्मा बाद. दोरा फार जाड घेतला तर कण्याची बाजू फुगते आणि वही पाचरीसारखी दिसते.

पुढचं काम भराभर होतं. आधी अस्तराचे, म्हणजे पुढे पुठ्ठ्याला आतून चिकटणारे, दोन दुघडी कागद ३ मिलिमीटर फेव्हिकॉलच्या रेघेवर पुढे-मागे चिकटवायचे. कण्याला फेव्हिकॉलचा पातळ हात, त्यावर दोन्हीकडे २५ मिलिमीटर बाहेर राहील असं जाळीचं कापड. पुठ्ठे १९६×१२४ मिलिमीटर, कण्याची कार्डपट्टी १२ मिलिमीटर (शिवलेल्या पानांची जाडी ८ आणि दोन पुठ्ठ्यांचे ४), पट्टी आणि पुठ्ठ्यात दोन्हीकडे ८ मिलिमीटरची खोबण. कापड ३१×२३ सेंटिमीटर. कोपरा कापताना पुठ्ठ्यापासून ३ मिलिमीटर सोडून तिरका काप द्यायचा. अगदी टोकाशी कापला की पुठ्ठा उघडा पडतो.

खळीसाठी ५० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी. मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी मोडून घ्यायचा, मग मंद आंचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. बाइंडर कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात. ते विषारी आहे, शिवाय तांबं कालांतराने कागद कुजवतं. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. खळ लागेल तेवढीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी.

आणि आता नागपूरचं ऊन. सुईदोऱ्यापेक्षा इथे वही जास्त बिघडते ती ओलावा कमी-जास्त झाल्याने. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पंख्याखाली लावलेला फेव्हिकॉल कापड टेकवेपर्यंत साय धरतो आणि कापड पुढे फुगे येऊन सुटतं. म्हणून उन्हाळ्यात कापड चढवायला निम्मा फेव्हिकॉल, निम्मी खळ असं मिश्रण घ्यावं, म्हणजे सरकवायला वेळ मिळतो. कूलर तर त्याहून वाईट. त्याच्या दमट वाऱ्यात पुठ्ठा पाणी पितो, दुसऱ्या खोलीत नेला की एकाच अंगाने वाळतो आणि पापडासारखा वळतो. जी बाजू आटते ती पुठ्ठ्याला आपल्याकडे खेचते. बाहेरच्या कापडाची ओढ आतल्या अस्तराने तोलायची असते. अस्तराचा ग्रेन आडवा पडला की तो तोल गेला. तेव्हा कव्हर चढवण्याच्या दिवशी कूलर बंद ठेवायचा.

अस्तर पुठ्ठ्याला चिकटवताना आत रद्दी घालून फक्त वरच्या पानाला मिश्रण लावायचं, रद्दी काढायची, पुठ्ठा मिटायचा आणि आत डोकावायचं नाही. खोबणीत दोन्हीकडे विणायची सुई दाबून बसवायची, अस्तरांमध्ये टीपकागद घालायचा, वर फरशी आणि चार विटा. दोन तासांनी टीपकागद बदलायचे आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी वही एकदम मधून उघडायची नाही. कणा टेबलावर टेकवून पुढची पाच-सहा पानं दाबायची, मग मागची तेवढीच, पुन्हा पुढची, असं करत मध्यापर्यंत यायचं.