जाळंवाल्यांनाच बरोबर का घेता?

बिहारमधल्या भागलपूरहून परतल्यापासून एक प्रश्न चुकत नाही. परवा तर लग्नाच्या पंगतीत आला, पानात जिलबी पडता पडता. "गंगेतले डॉल्फिन मासेमारांच्या जाळ्यात मरतात म्हणता, मग त्यांच्या गणतीला त्यांनाच कसे बरोबर घेता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मरतात, हे खरंच. सोंस (तिकडे डॉल्फिन कुणी म्हणत नाही) हा मासा नव्हे, श्वासाला वर यावं लागतं. नायलॉनच्या जाळ्यात लांबट चोच अडकली की बिचारा पाण्यातच गुदमरतो.

सुलतानगंज ते कहलगाव हा साठेक किलोमीटरचा पट्टा १९९१ पासून अभयारण्य आहे. तिथे दोन हिवाळे मी गणतीच्या नावेत मदतनीस होतो. सोंस वर येतो तो जेमतेम सेकंदभर. पहिल्याच दिवशी मी कागदावर 'एक' लिहिलं. वल्ह्यावरचे चाचा मान न वळवता म्हणाले, "तीन. माँ-बच्चा साथ में, एक अलग." मला हसू आलं. नाव थांबवली, आणि दहा मिनिटांत खाडाखोड केली. पिल्लू नवखं, अख्खं तोंड बाहेर काढतं. मोठा नुसती पाठ दाखवून जातो. चाचा तर बघतही नव्हते, फुसकाऱ्यावरून सांगत होते. दोन धारा मिळतात तिथल्या डोहात मासळी जमते, म्हणून सोंसही तिथेच आणि चाचांचं जाळंही तिथेच.

पण जिवंत मोजणं सोपं. मेलेल्याची खबर मिळणं कठीण. प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे मारला तर शिक्षा. ज्याच्या जाळ्यात निघाला तो घाबरून वाळूत पुरून मोकळा होतो. त्यात बाहेरून आलेल्या वहीपेनवाल्याचा इथे धसकाच. गंगेच्या पाण्यावरही जमीनदारी होती, हे तिथे जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. कहलगावच्या मल्लाहांनी (नावाडी-मासेमारांनी) १९८२ पासून गंगा मुक्ती आंदोलन करून ती मोडली. मासेमारी खुली झाली १९९१ साली, आणि त्याच वर्षी अभयारण्य आलं! त्यांच्या जागी मीही संशयानेच बघितलं असतं.

सोंसाच्या तेलाचं आमिष लावून मासे धरायची रीत होती. पाटणा विद्यापीठाच्या रवींद्रकुमार सिन्हांनी मासळीच्या टाकाऊ भागाचं तेल तेच काम करतं, हे दाखवून दिलं. 'सोंस मारू नका' या प्रवचनापेक्षा तेलाची ती बाटली मला मोलाची वाटते.

दुसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे चाचांचा फोन आला. वाळूवर एक पडलाय, जाळं भाच्याचं आहे. आम्ही टेप घेऊन गेलो. लांबी घेतली, जागा लिहिली. भाचा लांब उभा होता. मग स्वतःच पुढे आला आणि जाळं दोन हातांत ताणून धरलं, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) मोजायला.