हात कुठे ठेवू?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, उन्हं उतरायच्या सुमारास, किंग्स्टनच्या कालव्याकाठी एक सहा फुटी मुलगा माझ्यासमोर उभा होता आणि त्याच्या हातांचं काय करायचं हे आम्हां दोघांनाही सुचत नव्हतं. खिशात घातले की खांदे वर जात. बाहेर काढले की हात नुसते लोंबत. घडी घातली तर स्वारी कर्जवसुलीला आल्यासारखी दिसे. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "मावशी, हात नसले तर नाही का चालणार?"

चालतं की. छातीपर्यंतचा फोटो काढला की हात कुठे गेले हे कोणी विचारत नाही. पण त्याच्या आईला 'फुल' हवा होता. नवे बूट घेतले होते ना.

न्यू जर्सीतल्या आमच्या या पट्ट्यात, म्हणजे प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक वगैरे, बारावीतला मुलगा घरात असला की ऑक्टोबर महिना दोन गोष्टींत जातो. एक कॉलेजचे अर्ज, दुसरे सिनियर पोर्ट्रेट, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाचे आठवणीचे फोटो. अर्जांविषयी बोलायची सोय नाही. १ नोव्हेंबरची तारीख डोक्यावर असते आणि घरोघरी निबंधावरून भांडणं चालू असतात. फोटोंविषयी बोलता येतं. आणि आमच्या ओळखीच्या मराठी घरांत कॅमेरा नीट धरणारी बाई म्हणून माझं नाव झालेलं असल्यामुळे ते बोलणं फिरून फिरून माझ्यापाशी येतं. "अगं, तुझा थोडाच वेळ घेईन." मुलगा येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं की त्याला यातलं काही विचारलेलं नाही.

तसा शाळेचा फोटो आधीच झालेला असतो. बारावी सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळी सुट्टीत शाळेने नेमलेल्या स्टुडिओकडून बोलावणं येतं आणि इयरबुकात, म्हणजे शाळेच्या वार्षिक आठवणींच्या पुस्तकात, छापायचा फोटो तिथेच काढावा लागतो. मुलींना काळं मखमली कापड खांद्यांवरून गुंडाळतात, मुलांना टक्सिडो. टक्सिडो म्हणजे त्याचा पुढचा भाग फक्त. शर्टाची छाती, बो, कोटाच्या पुढच्या दोन बाजू असं सगळं एकात शिवलेलं, पाठीमागून वेल्क्रोने बंद करायचं. वरून बँक्वेटला निघालेला जंटलमन, खाली चड्डी आणि स्लिपर. ओळीने मुलं येतात, तोच कोट चढवतात, उतरवतात, पुढच्याला देतात. जुलैच्या उकाड्यात.

हा कोट मी आधी पाहिला होता. कऱ्हाडला.

दादाचा दहावीचा फॉर्म भरायचा होता. बोर्डाला ब्लॅक अँड व्हाइट पासपोर्ट फोटो लागायचा. बाबा त्याला घेऊन निघाले आणि मी उगाचच मागे लागले. लाकडी जिना चढून वर स्टुडिओ. आरशाशेजारी सुतळीने बांधलेला कंगवा, म्हणजे कोणी घेऊन जाऊ नये. पावडरचा डबा. आणि खुंटीला एक काळा कोट, त्याच्याच खिशात आधीच गाठ मारून ठेवलेला टाय. नोकरीच्या अर्जाला, मुलीकडच्यांना पाठवायला, सगळ्या गावाला तो एक कोट पुरायचा. माप एकच, भल्याथोरल्या माणसाचं. बारीक माणूस आला की पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून बघणाऱ्याला पाठीचं काय कळतंय?

दादाला मिसरूड फुटू लागलं होतं आणि आवाज एका वाक्यात दोनदा बदलायचा, त्यामुळे तो तेव्हा बोलणंच टाळायचा. पासपोर्टचा फोटो झाला. मग बाबा म्हणाले, "आलोच आहोत तर एक कोटातला होऊन जाऊ दे." दादाने मान हलवून नाही सांगितलं. बाबांना ती मान दिसली नाही. पावडरचा फुलका त्याच्या तोंडावरून फिरला (आमच्या गावात पावडर लावल्याशिवाय फोटो उमटत नाही अशी समजूत असावी), चिमटे लागले, आणि छत्रीच्या दिव्याखाली स्टुलावर तो बसला. मानेपासून वर पांढरा आणि खाली आमचा नेहमीचा दादा. फोटोग्राफर काळ्या गोळ्यागत बुटका आणि चपळ होता. "हनुवटी खाली. एवढी नको. डावा खांदा सोड. हां, आता हस. दात नको." मला तिथे हसायची बंदी होती, म्हणून मला हसू फुटलं. दादाने डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात फोटो निघाला.

फिल्म महाग. दुसरा काढायचा प्रश्नच नव्हता. 'निगेटिव्ह जपून ठेवली आहे' असा शिक्का मारलेल्या पाकिटात कोटातला दादा घरी आला, कोणाचा तरी खून करायला निघालेल्या नजरेने उजवीकडे बघणारा. पैसे दिलेत म्हटल्यावर त्याच्या सगळ्या प्रती वाटल्या गेल्या. आजोबांनी तर एक गणपतीच्या तसबिरीच्या काचेत खोचून ठेवली होती. दादा आता पन्नाशी पार झालाय, आणि लग्नकार्यात ग्रुप फोटो निघाला की अजून त्याला वाढप्यांशी काहीतरी महत्त्वाचं बोलायचं असतं.

तर माझे काही हट्ट आहेत. आई गाडीत बसणार. बाप चालेल, तो तसाही फोनवर असतो आणि रिफ्लेक्टर धर म्हटलं की निमूट धरतो. आई मात्र नको. ती माझ्या पाठीशी उभी राहते आणि सुरू होते. केस. कॉलर. पाठ. आणि मग ते वाक्य, "असा नाही रे, तू एरवी हसतोस तसा हस." एरवी हसतो तसं हुकमावर हसून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सतरा वर्षांच्या मुलाचा चेहरा त्या वाक्यासरशी बंद होतो, मग ८५ची लेन्स लावा नाहीतर आणखी कुठली.

रेल्वेच्या रुळांवर फोटो काढणार नाही. ही इथली जुनी हौस आहे. दोन रूळ लांबवर जाऊन मिळतात, मध्ये मुलगा, पुढे त्याचं भविष्य वगैरे. एक तर तो रेल्वेच्या जागेत घुसण्याचा गुन्हा आहे, आणि वेगातली मालगाडी ब्रेक दाबल्यावर थांबायला मैलभर घेते. लोकलच्या गावाहून आलेल्या माणसांना हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं. "अगं पण त्या रुळावर गाडी येतच नाही फारशी." फारशी!

आणि चेहरा गोरा करून देणार नाही. मुरमं काढते. पंधरा दिवसांत जाणारं असेल ते मीच आधी पुसते, तेवढं चालतं. तीळ, सायकलवरून पडल्याची खूण, भुवईतला टाक्यांचा पट्टा, हे राहणार. एका आईने फार आडून आडून विचारलं होतं, उजेडामुळे जरा सावळा आलाय का? ऑक्टोबरात मेपल पेटलेले असताना आपल्या मुलांचा रंग त्या पानांपुढे इतका सुरेख उठून येतो की मला त्या बाईची कीवच आली. राग नंतर आला, घरी आल्यावर.

कालव्यावरच्या त्या मुलाकडे वळते. ऊन हातचं चाललं होतं. त्या दिवसांत सव्वासहाला सूर्य जातो, आणि नोव्हेंबरात घड्याळं एकदा मागे गेली की पाचच्या आतच अंधार, म्हणून सगळी गर्दी या दोन-तीन आठवड्यांत. शाळा कशी चाललीये? फाइन. पोहणं? फाइन. कुठे कुठे अर्ज केलेस? हे विचारायचं नसतं, पण विचारून झालं, आणि तो जास्तच ताठ झाला. मग मी म्हटलं, चल, जरा पुलाकडे जाऊ.

किंग्स्टनचा दगडी पूल १७९८चा. मिलस्टोन नदीवर चार कमानी, आता त्यावरून गाड्या जात नाहीत. तिथे पोचल्यावर मुलाला एकदम कंठ फुटला. हा पूल नंतरचा, मावशी. आधीचा लाकडी होता. ३ जानेवारी १७७७ला प्रिन्स्टनची लढाई झाली, वॉशिंग्टनचं सैन्य इकडून निघालं, आणि ब्रिटिश पाठलागावर येऊ नयेत म्हणून त्यांनी मागचा पूल मोडून टाकला. इथून आले, असे वळले. ते असे मागून. अकरावीत अमेरिकेचा इतिहास घेतला होता म्हणे. ते दोन हात, ज्यांना अर्धा तास जागा सापडत नव्हती, ते आता अख्खी फलटण नदीपार करत होते.

मला वाटलं, मिळाला फोटो. मी भराभर बटण दाबत सुटले. घरी येऊन बघितलं तर प्रत्येक फोटोत तोंड उघडं, नाहीतर डोळे मिटलेले, नाहीतर वॉशिंग्टनचा हात नाकासमोर. बोलणारा माणूस जिवंत दिसतो हे खरं, पण थांबवून पाहिला की दंतवैद्याकडे आल्यागत दिसतो. त्यातला एक मात्र चांगला होता. सांगून झाल्यावर तो कठड्यावरून खाली पाण्याकडे बघत होता, चेहरा तीन चतुर्थांश वळलेला, स्वतःशीच काहीतरी जुळवत असलेला. तो मी वर ठेवून पाठवला.

आईने निवडला पहिल्याच पाच मिनिटांतला, हात खिशात, खांदे वर, बूट स्वच्छ. नाशिकच्या आजीला व्हिडिओ कॉलवर दोन्ही दाखवले. तिला दोन्ही नापसंत. "याचं कपाळच दिसत नाही. केस मागे घेऊन काढता नाही आला का?" वडिलांनी विचारलं, प्रिंट महाग पडतात का.

या प्रिंटचं एक आहे. अडीच बाय साडेतीन इंचांचे 'वॉलेट' फोटो डझनावारी मिळतात, आणि मागे दोन ओळी लिहून मित्रमैत्रिणींना वाटायचे अशी पद्धत. तिचं मूळ चांगलं जुनं आहे. १८६०च्या दशकात बॉस्टनजवळचा जॉर्ज वॉरन नावाचा फोटोग्राफर हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फोटो काढायचा. मुलं एकमेकांचे फोटो विकत घेत आणि बांधून आल्बम करत. त्यातले मी पाहिले ते फोटो छातीपर्यंतचे. वॉरन शहाणा माणूस होता, हातांच्या भानगडीत पडला नाही. चेहरे मात्र तेच. एकेकाला आईने सकाळी ओढून आणल्यासारखे, आणि त्या बिचाऱ्यांच्या आया तर कोसांवर होत्या.

आताची मुलं वॉलेट फोटो वाटत नाहीत. फोनमध्ये एकमेकांचे वाईटात वाईट फोटो साठवून ठेवतात आणि वाढदिवसाला बाहेर काढतात. सिनियर पोर्ट्रेटचा उपयोग त्यांना कळतो तो रटगर्स विद्यापीठात गेल्यावर, इंटर्नशिपच्या दिवसांत. "मावशी, तो कालव्याचा फोटो आहे का? लिंक्डइनला हवाय." मी पाठवते. ते खांद्यापर्यंत कापून लावतात.

माझ्या स्वतःच्या मुलाचा असा फोटो नाही. लोकांची मुलं झाली, त्याचं आज करू, उद्या करू. मेपल झडून गेले, ओकची तेवढी पानं राहिली, तेव्हा मी त्याला म्हटलं, चल रे, इथेच मागच्या अंगणात, दहा मिनिटं. तो सिंकपाशी सीरियल खात उभा होता. आधी मला वाटलं त्याने ऐकलंच नाही. मग वाटी विसळून ठेवत म्हणाला, "नको ना आई. तू फार बघतेस."

रागाने नाही, अगदी साधं. वर जाताना दिवाही बंद केला स्वयंपाकघरातला, जे तो कधी करत नाही.

मग शाळेच्याच फोटोची ऑर्डर दिली, वेल्क्रोच्या कोटातला, डावा डोळा अर्धवट मिटलेला. पॅकेजमध्ये वॉलेटचे एवढे गठ्ठे असतील हे छापलेलं बारीक अक्षरात होतं. कऱ्हाडला पाठवले, पुण्याला पाठवले, दादाने तर लगेच फोन करून "पोरगा माझ्यावर गेलाय" म्हणून सांगितलं. तरी पुष्कळ उरलेत. कोणाला हवा असला तर सांगा, पोस्टाने टाकते.